बाबांच्या पोटाला तुडूम

रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या दिवसांत आमची चूल सकाळी एकदाच पेटायची. मायला उजाडायच्या आत दुसऱ्याच्या बांधीत, धानाच्या वाफ्यात जाऊन चिखलात वाकायचं असे. मी शाळेत जाताना सकाळच्याच भाताचा गोळा फडक्यात बांधून न्यायची. सोबत मीठ-मिरची, फार झालं तर वाळल्या मासोळीची चटणी. खोली एकच, जमिनीला ओल, म्हणून दहावीचा सगळा अभ्यास मी खाटेवर पाय वर घेऊन केला. संध्याकाळी माय परत आली की तिच्या पायांच्या बोटांमधली कातडी पांढरी होऊन सोललेली असायची. ती चुलीपाशी पाय शेकत बसायची आणि म्हणायची, "तू शीक माय. हे पाय पाहून घे अन् शीक."

बाबा तलावावर पाणी सोडायचे. दिघोरीकडच्या आमच्या भागात गावोगावी जुने तलाव आहेत. तलावाच्या पारीतून, म्हणजे बांधातून, पाणी खाली शेतांकडे काढायची जी मोरी असते तिला आम्ही तुडूम म्हणतो. आमच्या तलावाच्या तुडुमाचं तोंड बंद करायला लाकडाचा जाड खुंट होता. कुणाच्या बांधीला आज पाणी, कुणाच्या उद्या, हे गाव ठरवायचं आणि बाबा कंबरभर पाण्यात उतरून खुंट काढायचे, परत बसवायचे. त्याबद्दल कापणीनंतर घरोघरून थोडं धान मिळे. तलावाखाली आमची स्वतःची एकही बांधी नव्हती. आयुष्यभर त्या माणसानं दुसऱ्यांच्या धानाला पाणी पाजलं.

सतत पाण्यात राहून त्यांना ताप यायचा, कंबर धरायची. तेव्हा गावात फटफटीवर एक डॉक्टर यायचा. तो खरा डॉक्टर होता की नाही ते कुणी विचारलं नाही. लोक एका घराच्या ओसरीवर रांगेनं बसायचे. गोळ्या दिल्या की नाराज व्हायचे. "गोळीनं का होते साहेब, सुई लावा सुई," असं म्हणून स्वतःच बाही वर करायचे. स्टीलच्या डबीत एक काचेची सिरिंज आणि एक सुई. गरम पाण्यात बुडवली न बुडवली की पुढच्या माणसाला. बाबांनीही अशा कितीतरी सुया घेतल्या. सुई घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा पाण्यात.

मी साकोलीला बसच्या पासवर जाऊन बी.एस्सी. केलं. आमच्या घरात आणि आमच्या टोलीत, म्हणजे वस्तीत, पदवी घेणारी पहिली मी. हे मी मिरवून सांगते, कारण मिरवण्यासारखं आमच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. एका खाजगी ज्युनियर कॉलेजात मी तासांवर शिकवू लागले. मायचा रोवणा मी बंद करवला. आता जरा बरे दिवस येतील असं वाटत होतं, तेव्हाच बाबांचं पोट फुगायला लागलं.

आधी पाय सुजले. मग पायजम्याची नाडी पुरेना. माय म्हणाली गॅस आहे, ओवा दिला. पण हातांच्या काटक्या होत गेल्या, गालफडं बसली आणि पोट मात्र दिवस भरलेल्या बाईसारखं पुढं आलं. बेंबी बाहेर आली. बाबांना वाकता येईना, पायात चप्पल घालता येईना, आणि ज्याचं त्यांना सगळ्यात जास्त लागलं ते म्हणजे त्यांना मांडी घालून बसता येईना.

ते का लागलं हे सांगायला पाहिजे. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. तेव्हापासून आमच्या घरात दारूचा थेंब आला नाही. टोलीतल्या विहारात पौर्णिमेला पंचशील बाबा सांगायचे. ते समोर मांडी घालून बसायचे, एकेक शील म्हणायचे आणि बाकीचे त्यांच्या मागून म्हणायचे. पाचवं शील दारूचं आहे, कसलीही नशा करणार नाही असं. ते बाबा जरा थांबून, आवाज चढवून म्हणायचे. मागून म्हणणाऱ्यांत कोण कोण मोहफुलाची पिऊन बसलेलं असतं हे त्यांना वासावरून कळायचं. पण नाव घेऊन त्यांनी कधी कुणाला टोकलं नाही. फक्त पाचवं शील मोठ्यानं.

पोट फुगल्यावरही ते एका पौर्णिमेला गेले. भिंतीला टेकून, पाय लांब करून बसले. पाचव्या शीलापाशी आले आणि मागून कुणीतरी खोकलं. खोकला कसला, हसू दाबलेलं होतं. मग माझे चुलत काका बोलले. ते बाबांपेक्षा लहान, गावात सगळ्यांना हसवण्यात पटाईत.

"काय गा दादा, आमाले शील अन् तुले मोहफूल?"

विहार हसला. बायकासुद्धा हसल्या. बाबा म्हणाले, "अबे, मी घेत नाही, तुले मालूम नाही का?"

"आमाले मालूम हाय गा. पोटाले मालूम नाही वाटते."

बाबांनी पाचवं शील म्हटलं, पण नेहमीच्या आवाजात नाही. त्यानंतर ते विहारात गेले नाहीत. पौर्णिमेला पांढरा सदरा घालून घरीच खाटेवर बसायचे.

आमच्याकडे पोटात पाणी म्हणजे दारू, एवढा एकच हिशेब लोकांना ठाऊक. लोकांचं सोडा. नागपूरला नेलं तर तिथं पहिल्यांदा ज्यानं तपासलं त्यानंही विचारलं, "किती वर्षांपासून घेता?" घेता का, असं नाही. किती वर्षांपासून.

बाबा म्हणाले, "साहेब, मी घेत नाही."

तो न बघताच म्हणाला, "सगळे असंच म्हणतात."

मी म्हणाले, "सर, सगळे म्हणत असतील. हे खरं म्हणतात. रक्त तपासा." त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. काय करता, असं विचारलं. मी सांगितलं की ज्युनियर कॉलेजात शिकवते, जीवशास्त्र. मग त्यानं रक्ताच्या तपासण्या लिहिल्या.

रक्तात कावीळ ब निघाली. विषाणू अंगात शिरून वर्षानुवर्षं यकृत खात राहिला होता आणि यकृत दगडासारखं झालं होतं. रक्तातून येतो, सुईतून येतो, आईकडून बाळाला येतो, असं डॉक्टरांनी समजावलं. बाबांच्या अंगात तो कुठून शिरला ते कधीच कळणार नाही. पण मला ती स्टीलची डबी आठवली, आणि बाही वर करून बसलेली आख्खी ओसरी आठवली. माझं आणि मायचं रक्त तपासलं. आम्ही दोघी सुटलो. आम्हाला लस टोचली, नव्या सुईनं. त्या ओसरीवर सुई घेणाऱ्यांना मी गावात जाऊन सांगितलं, की तुम्हीही तपासून घ्या. एकही गेला नाही. काका म्हणाले, "मास्तरीणबाई आता बापाची दारू सुईवर ढकलून राहिली."

लघवीच्या गोळ्यांनी काही महिने पाणी कमी राहिलं. मीठ बंद केलं. बाबांना मासोळीच्या चटणीवाचून जेवण जात नसे. ते म्हणायचे, "पोटात पाणी अन् तोंडात माती." पुढं गोळ्यांनी ऐकणं सोडलं. मग सुई घालून पाणी काढावं लागे. लोकांनी तिथंही भीती घातली. एकदा पाणी काढलं की माणूस वाचत नाही, पाण्याबरोबर ताकद जाते. मायही रडायची. पण पाणी काढलं की बाबांना श्वास मिळायचा, दोन घास जायचे, म्हणून आम्ही नेत राहिलो.

नेणं म्हणजे काय ते ज्यांच्या घरचा माणूस कधी असा नेला नाही त्यांना नाही कळणार. दिघोरीवरून साकोलीची बस, तिथून नागपूरची. बाबांना दोन सीटच्या मधे बसता यायचं नाही, म्हणून कंडक्टरशेजारी उभ्यानं. लाखनीपर्यंत त्यांना धाप लागायची. शहापूर आलं की ते विचारायचे, "आता किती राह्यलं?" दवाखान्यात दिवसभर नंबर, मग सुई, मग बाटल्या भरत बसणं. परत येईपर्यंत रात्र व्हायची आणि आठवडा-दीड आठवडा गेला की पोट पुन्हा तेवढंच. एकदा बसमध्ये एक बाई उठून म्हणाली, "बसा बाबा." आणि तिच्या शेजारचा माणूस तिच्या कानात म्हणाला, "पेतात अन् मंग आपली जागा घेतात." त्याला वाटलं ऐकू जाणार नाही. बाबांनी उभ्यानंच नागपूर गाठलं. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

नागपूरच्या दवाखान्यात एक डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी एके दिवशी मला बाजूला घेतलं आणि सरळ सांगितलं. यकृत आता परत येणार नाही. बदलून टाकायचं म्हटलं तर बाबांचं अंग ते पेलणार नाही. पाणी साचतच राहणार, आधीपेक्षा लवकर. मग म्हणाल्या, "असं दर वेळी आणण्यापेक्षा एक नळी कायमची बसवता येते. मऊ असते. पोटाच्या कातडीखालून थोडी आडवी नेतो आणि बाहेर काढतो, टोकाला टोपण. घरीच पिशवी लावायची, ठरलेलं पाणी काढायचं, बंद करायचं. पण जंतू शिरले तर जीवावर बेतेल. यकृताच्या पेशंटला ही भीती जास्त असते. स्वच्छता तुम्हाला सांभाळावी लागेल, दुसऱ्या कुणाला नाही. आणि ह्यानं आजार बरा होत नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा."

मी विचारलं, "मग होतं काय?"

"घरी राहता येतं."

हे बाबांना मीच समजावलं. कागदावर पोट काढलं, नळी काढली. त्यांनी चित्रातल्या नळीवरून बोट फिरवलं.

"म्हणजे माह्या पोटाले तुडूम बसवून राहिले."

मी म्हटलं, "हो. तसंच."

"खुंट कोणाकडे?"

"माझ्याकडे."

"मंग बसवा," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, भिंतीकडे पाहत, "मांडी घालता येईन का बाई?"

मी डॉक्टर मॅडमना विचारलं. पोट सैल राहिलं तर येईल, त्या म्हणाल्या. तेवढ्यावर नळी बसवायचं ठरलं. आजार बरा होणार नाही हे बाबांनी एकदा ऐकलं आणि पुन्हा त्यावर एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी पुढं फक्त एकच गोष्ट विचारली, वैशाख पौर्णिमा कधी आहे.

नळी बसवल्यावर वॉर्डातल्या सिस्टरनं मला शिकवलं. साबणानं हात कसे धुवायचे, हातमोजे कसे घालायचे की बाहेरच्या बाजूला बोट लागत नाही, टोपण पुसायचं कसं, पिशवी जोडून चिमटा सोडायचा कसा. पाणी हळू येऊ द्यायचं. मॅडमनी आखून दिलेल्या खुणेपर्यंत आलं की चिमटा बंद, मग पोटात कितीही उरलेलं असो. पाणी गढूळ दिसलं, ताप आला, नळीभोवती लाल झालं, तर लगेच फोन. मी तिच्यासमोर दोनदा करून दाखवलं. ती म्हणाली, "ताई, तुम्ही नर्सिंग का नाही केलं?" मी म्हणाले, "बी.एस्सी. केलंय." मला तेव्हा उगाच राग आला होता. आज वाटतं, तिनं ते कौतुकानं म्हटलं असेल.

घरी आल्यावर दिवसाआड सकाळी माझं हे काम असे. कॉलेजात जायच्या आधी खोली झाडून, पुसून, दार लावून. माय चुलीवर पाणी उकळायची. बाबा खाटेवर उशीला टेकून आढ्याकडे पाहत पडायचे. चिमटा सोडला की पिवळसर, गवती चहाच्या रंगाचं पाणी नळीतून सरकत पिशवीत यायचं. पिशवी फुगत जायची आणि पोट सैल पडत जायचं, डोळ्यांदेखत. पहिल्या दिवशी पाणी काढून झाल्यावर बाबा उठून बसले, वाकले आणि स्वतःच्या हातानं चप्पल पायात घातली. मायकडे पाहून म्हणाले, "पाह्य." एवढंच.

मग गावाला कळलं. लोक पाहायला यायचे. पिशवी पाहायची असायची त्यांना. "मास्तरीणीनं बापाचं पोट फोडलं अन् नळ बसवला," असं सुरू झालं. आणि ते पाणी टाकायचं कुठं, ह्यावरून भांडण. मी त्यात ब्लिचिंग पावडर घालून ते संडासात ओतायची, जसं सिस्टरनं सांगितलं होतं. तरी शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"वयनी, ते पाणी नालीत नोको टाकू बरं. आमची नाली तुमच्याच नालीले लागून हाय. अन् हातपंपावर भांडे घासाले नोको येऊ."

माय म्हणाली, "आम्ही नालीत नाही टाकत व."

"टाकत नसान, पण वारा लागते न."

माझ्या आजोबांना विहिरीच्या कठड्यावर चढू देत नव्हते. ते दुसऱ्यांनी केलं होतं. हे आमच्याच लोकांनी केलं, ज्यांच्या आजोबांनाही त्याच विहिरीवर चढू देत नव्हते. मी काकूंना म्हणाले, "काकू, हा आजार वाऱ्यानं होत नाही. सुईनं होतो. तुम्ही घेतल्यात का सुया त्या फटफटीवाल्याकडून?" त्या पदर सावरत निघून गेल्या. हातपंपावर आम्ही जात राहिलो. भांडी घासायला मीच जायची, दुपारी, सगळे असताना.

वैशाख पौर्णिमा जवळ आली तसे बाबा रोज मांडी घालून पाहू लागले. ठरलेलं पाणी काढल्यावरही पोट थोडं उरायचंच. एक पाय दुमडायचा, दुसरा दुमडला की पोट वर दाबून धाप लागायची. मी म्हणाले, एक पाय लांब ठेवा, काय होतं. ते म्हणाले, "पाय लांब करून शील नाही सांगत."

पौर्णिमेच्या दोन दिवस आधी मी कॉलेजात होते. परीक्षेचं काम होतं. पाणी काढायचा तो दिवस नव्हताच, ते आदल्या दिवशी काढलं होतं. आमच्याकडे उन्हाळ्याच्या शेवटी कधी कधी तलावाचं उरलंसुरलं पाणी सोडून देतात आणि सगळं गाव मासोळ्या धरायला उतरतं. तलाव फोडला, असं म्हणतात. बाबांनी मायला हाक मारली आणि म्हणाले, "आज तलाव फोडू. पाहू, मासोळ्या निघते का."

माय हसली. तिनं माझं पाहून पाहून सगळं शिकून घेतलं होतं. हात धुतले, हातमोजे घातले, टोपण पुसलं. तिथपर्यंत तिची काही चूक नव्हती. तिनं चिमटा सोडला, पिशवी खुणेच्या वर गेली, गच्च भरली. तिनं ती रिकामी केली आणि परत जोडली. तिला वाटलं, जेवढं जाईल तेवढं चांगलं. घाण आहे ती, जाऊ दे. बाबा म्हणाले, अजून थोडं. तुडूम उघडं टाकून ते मांडीचं स्वप्न पाहत पडले होते.

मी आले तेव्हा ते घामानं भिजलेले, हात गार, डोळे अर्धे मिटलेले. नाडी बोटाला सापडेना. माय कोपऱ्यात बसून "मी मारलं, मी मारलं" म्हणत होती. मी चिमटा बंद केला, पाय उशीवर घेतले, नागपूरला फोन लावला. मॅडम म्हणाल्या, जवळच्या दवाखान्यात आत्ता न्या, सलाईन लावू द्या, मी बोलते त्यांच्याशी. शेजारची जीप मिळाली. काका जीपजवळ उभे होते, पण चढले नाहीत. "दवाखान्याच्या वासानं मले मळमळते," म्हणाले.

ज्या दवाखान्यात नेलं तिथं एक तरुण डॉक्टर होता. त्यानं सदरा वर केला आणि नळी पाहून दचकला.

"हे काय आहे? कोणी लावलं?"

मी सांगितलं.

"घरी? खेड्यात? इन्फेक्शन होईल. काढून टाकतो. दारू किती प्यायचे?"

मी म्हणाले, "नळीला हात लावायचा नाही. सलाईन लावा. आणि ते पीत नाहीत."

"मॅडम, डॉक्टर मी आहे."

"हो सर. आणि नळीवाल्या डॉक्टर फोनवर आहेत. घ्या." मी फोन त्याच्या कानाला लावला. तो बोलत राहिला, चेहरा उतरत गेला, मग सिस्टरला सलाईन आणायला सांगितलं. ह्या सगळ्यात बाबांनी डोळे उघडले होते. ओठ कोरडे. मी वाकले तर म्हणाले, "खुंट नोको काढू देजो बाई." नळी राहिली. सलाईन चढलं, हात गरम झाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही घरी आलो. मायला मी बोलले, फार बोलले. बाबा खाटेवरून म्हणाले, "तिले कायले बोलतं? पाणी सोडाचं काम माह्यं होतं. पारीवर उभं राहून मलेच समजलं नाही."

पौर्णिमेच्या दिवशी सकाळी मी मोजकं पाणी काढलं. बाबा म्हणाले, बस. त्यांनी स्वतः म्हटलं, बस. दुपारी मायनं कोमट पाण्यानं अंग पुसलं, नळीवर नवी पट्टी मी लावली, वर पांढरा सदरा. विहार आमच्या घरापासून हाकेवर आहे, पण त्या दिवशी तिथं पोचायला वेळ लागला. लोकांनी वाट दिली. कुणी हात दिला नाही, मीही मागितला नाही.

बाबा समोर जाऊन उभे राहिले. खाली बसताना माझा खांदा धरला. एक पाय दुमडला. मग दुसरा. थांबले, श्वास घेतला. मांडी बसली. मी मागं सरकून बायकांत बसले.

पहिली चार शीलं झाली. लोक मागून म्हणत होते. पाचव्यापाशी ते थांबले. मागं वळले नाहीत, समोरच पाहत म्हणाले, "ज्याले हसाचं हाय त्यानं आता हसून घ्या. मंग मी म्हणतो."

काका तिथंच होते, तिसऱ्या ओळीत, डोळे लाल. कुणी हसलं नाही. कुणी खोकलंसुद्धा नाही. बाबांनी पुरता वेळ दिला. मग पाचवं शील म्हटलं, थांबून, आवाज चढवून, जसं पूर्वी म्हणायचे तसं. आणि सगळ्यांनी मागून म्हटलं. काकांनीही म्हटलं. ज्या तोंडांनी म्हटलं त्यातल्या निम्म्यांना रात्री दारूचा वास येणार होता, हे मला माहीत होतं, बाबांनाही माहीत होतं. मला त्या वेळी आनंद झाला असं मी म्हणणार नाही. माझ्या मनात एवढंच आलं की हे एक वाक्य म्हणायला ह्या माणसाला पोटाला भोक पाडून घ्यावं लागलं.

रोवणा सुरू व्हायच्या आधी बाबा गेले. झोपत गेले, बोलणं कमी झालं, एक दिवस उठले नाहीत. शोकसभेत काका बोलायला उभे राहिले. रडले. म्हणाले, "आमच्या दादानं जिंदगीत थेंबाले हात लावला नाही. असा माणूस टोलीत दुसरा नाही." लोकांनी माना हलवल्या. मी उठून बाहेर आले आणि हातपंपावर जाऊन तोंड धुतलं. कुणाला काही बोलले नाही. त्या लोकांमध्येच मायला राहायचं होतं.

काकांनी अजून रक्त तपासलेलं नाही. शेजारच्या काकूंनी तपासलं, गुपचूप, माझ्यासोबत साकोलीला येऊन. त्यांच्यात काही निघालं नाही. येताना बसमध्ये त्या म्हणाल्या, "तू शिकली म्हणून झालं वं."

पौर्णिमेनंतर बाबा एकदाही दवाखान्यात गेले नाहीत, आणि पोटाच्या पाण्यासाठी त्यांना पुन्हा बसमध्ये उभं राहावं लागलं नाही. नळीला शेवटपर्यंत जंतू लागले नाहीत. पाचवं शील त्यांनी सगळ्या टोलीसमोर मांडी घालून म्हटलं. आणि ते आपल्या घरी, आपल्या खाटेवर, सैल पोटानं गेले.